सिंगापूरचं नाणं, सुरगाण्याचा अंगठा

रविवारी दुपारनंतर सिंगापूरच्या लिटल इंडियात पाय ठेवायला जागा नसते. सेरंगून रोड, बफेलो रोड, मुस्तफा सेंटरच्या आसपासच्या गल्ल्या, जिकडे पाहावं तिकडे आठवडाभर बांधकामावर आणि गोदीत राबलेली तमिळ, बंगाली पोरं. कुणी रिचार्ज मारतो, कुणी केस कापून घेतो, आणि बरेच जण पैसे पाठवणाऱ्या दुकानासमोर माना वर करून भावाचा फलक वाचत असतात. आज डॉलरला रुपये किती, टका किती. आकडा दहा पैशांनी हलला तरी रांगेत चुळबुळ होते.

मराठी माणूस या रांगेत फारसा सापडत नाही. तो बँकेत, आयटीत नाहीतर चिपच्या कारखान्यात. घरी सोफ्यावर बसून मोबाइलवरून पैसे पाठवतो. मग गणपतीच्या आरतीनंतर मोदकाची वाटी हातात घेऊन कोणत्या ॲपने किती भाव दिला, यावर तावातावाने बोलतो. या चर्चेत गेल्या काही वर्षांपासून एक तिसरा आवाज हमखास असतो: ‘अरे, बँका कसल्या घेऊन बसलात, क्रिप्टोने पाठवा!’

हे सदर लिहिणारा गृहस्थ मूळचा सुरगाण्याचा, त्यामुळे त्याला हा सल्ला जरा जास्तच वेळा मिळतो. गाव आडवळणाचं, म्हणजे नवं तंत्रज्ञान तिथेच कामाला येणार, असं सल्ला देणाऱ्याला मनापासून वाटतं. सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचं गुजरातला टेकलेलं टोक. १९४८पर्यंत छोटंसं संस्थान, आता कोकणा, महादेव कोळी, वारली वस्तीचा डोंगराळ तालुका. भात, नागली, वरई पावसावर पिकते; पुढचे महिने पोट बाहेर. दिवाळी झाली की माणसं दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत उतरतात, काही जण गुजरातेत ऊसतोडीला जातात. डिसेंबर २०२२मध्ये सीमेवरच्या काही गावांनी रस्ता, पाणी, दवाखाना यांसाठी वैतागून ‘आम्हाला गुजरातला जोडा’ असं निवेदन दिलं, तेव्हा दोन दिवस टीव्हीवर सुरगाणा दिसला. नंतर कॅमेरे खाली उतरले.

आता आकड्यांकडे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत परदेशातून भारतात आलेल्या पैशांत सर्वात मोठा वाटा महाराष्ट्राचा निघाला, २०.५ टक्के, केरळ १९.७ टक्क्यांवर, दुसरा. सिंगापूरहून येणारा पैसा देशाच्या एकूण रकमेच्या ६.६ टक्के. महाराष्ट्राच्या या वैभवात सुरगाण्याचा हिस्सा किती असेल, हे सांगायला पाहणीची गरज नाही. सुरगाण्यात ‘बाहेरून येणारा पैसा’ म्हणजे दिंडोरीहून येणारा पैसा. बागवाल्याने दिलेली उचल, तोडणीचा हप्ता, गावी निघालेल्या कुणाच्या तरी हाती धाडलेल्या नोटा. अर्थशास्त्रज्ञ ज्याला रेमिटन्स म्हणतात, तो इथे साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास करतो आणि तरी अडखळतो.

क्रिप्टोवाल्यांचा हिशेब कागदावर बिनतोड असतो. सिंगापूरच्या डॉलरांत यूएसडीटी घ्यायचं, म्हणजे अमेरिकी डॉलरला बांधलेलं नाणं. ते मोबाइलवरून मोबाइलवर पाठवायचं. काही मिनिटांत, किरकोळ खर्चात पोचतं. बँक नको, सुट्टी नको, सही नको. जगभरात दोनशे डॉलर पाठवायचा सरासरी खर्च सहा टक्क्यांच्या वर आहे आणि तो २०३०पर्यंत तीनवर आणायचा असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय, हेही क्रिप्टोवाले ऐकवतात. खरं आहे. आफ्रिकेतल्या कित्येक मार्गांवर याहूनही जास्त कापलं जातं, आणि तिथे या नाण्यांना गिऱ्हाईक आहे ते उगीच नाही.

पण सिंगापूर–भारत हा जगातल्या स्वस्त मार्गांपैकी एक. त्यात २१ फेब्रुवारी २०२३ला भारताचं यूपीआय आणि सिंगापूरचं पेनाऊ एकमेकांना जोडलं गेलं. सुरुवातीला दिवसाला साठ हजार रुपयांची मर्यादा होती, पण पैसे समोरच्याच्या खात्यात जवळजवळ बोलता बोलता जमा. म्हणजे जो पल्ला क्रिप्टो जिंकून देणार म्हणत होतं, तो सरकारी नळानेच जिंकला.

उलट क्रिप्टोचा खर्च सुरू होतो तो नाणं भारतात पोचल्यावर. ते विकून रुपये करायचे, तर एक टक्का टीडीएस (१ जुलै २०२२पासून), नफा झालाच तर त्यावर तीस टक्के कर (१ एप्रिल २०२२पासून), आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायची सोय नाही. ४ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेने क्रिप्टो व्यवहारांबाबत बँकांना घातलेलं बंधन रद्द केलं, म्हणून व्यवहार बेकायदा नाही. पण परदेशातून घरी पैसे आणायचा मान्यताप्राप्त मार्गही तो नाही. बरेच जण मग अनोळखी खरेदीदाराला थेट विकतात. त्या खरेदीदाराने टाकलेले रुपये कुणाच्या तरी फसवणुकीतून आलेले असले, तर तक्रार होताच पोलिस साखळीतली खाती एकेक करून गोठवत येतात. नाशिकच्या इंजिनिअरचं खातं गोठलं तर तो वकील गाठेल. बाऱ्ह्याच्या किंवा उंबरठाणच्या म्हाताऱ्या आईचं गोठलं, तर तिला ते रेशनच्या दिवशी कळेल.

सदरकाराचा चुलतभाऊ तिकडे किराणा दुकान चालवतो आणि त्याच टेबलावर बँकेचा ग्राहक सेवा पॉइंट. एका बाजूला तेलाचे पुडे, मध्ये वजनकाटा, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचं यंत्र. त्याला व्हिडिओ कॉलवर यूएसडीटी समजावून सांगायचा प्रयत्न झाला. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘दादा, ते सगळं बराबर. पण पैसं खात्यावर येण्याची अडचण कुठंय? पैसं येतातच. ‘लाडकी बहीण’चे येतात, रोजगार हमीचे येतात, तुझे येतात. निघत नाहीत ना!’’

आणि त्याने फोन वळवून दाखवलं. समोर एक मावशी बसलेली. आयुष्यभर कोयता आणि खुरपं धरलेला अंगठा, रेषा झिजून गुळगुळीत. एकदा दाबला, नाही लागला. ओल्या फडक्याने पुसून दाबला, नाही. दुसरं बोट, मग तिसरं. एकदा लागला तेवढ्यात रेंज गेली. रेंज आली तेव्हा बँकेचा सर्व्हर डाऊन. मावशी काही न बोलता पदराने बोट पुसत राहिली. हे तिच्या अंगवळणी पडलेलं. शेवटी पंधराशे रुपये निघाले आणि त्यातले काही तिथेच तेल-मिठाला गेले. हा जो शेवटचा हातभर पल्ला, खात्यापासून मावशीच्या मुठीपर्यंतचा, तिथे ब्लॉकचेन काय करणार? अंगठा तर तिथेही लागणार, नाहीतर क्रिप्टोच्या पाकिटाची चावी म्हणून बारा इंग्रजी शब्दांची गुप्त यादी जपून ठेवावी लागणार. नोटाबंदीनंतर जिल्हा बँक अडचणीत आली, तेव्हा स्वतःच्याच ठेवीसाठी हेलपाटे घातलेल्या या तालुक्याला ‘पासवर्ड हरवला तर पैसे कायमचे गेले’ ही अट कोणत्या तोंडाने सांगायची?

दानाचं प्रकरण याहून रंगतदार आहे, कारण तिथे क्रिप्टोने खरंच मोठी झेप घेऊन दाखवली. २०२१च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनसाठी देश धावत होता. मुंबईतून सुरू झालेल्या मॅटिकचे, म्हणजे आताच्या पॉलिगॉनचे, एक संस्थापक संदीप नैलवाल यांनी २४ एप्रिलला ‘क्रिप्टो रिलीफ’ निधी उघडला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रेट लीने एक बिटकॉइन दिलं, तेव्हा त्याची किंमत चाळीस लाखांच्या घरात होती. मग १२ मे रोजी इथेरियमचा जनक व्हिटालिक ब्युटेरिन याने शिबा इनू नावाची पन्नास लाख कोटी नाणी या निधीत टाकली. ती नाणी त्याने मागितलेली नव्हती. जाहिरात व्हावी म्हणून बनवणाऱ्यांनी त्याच्या पाकिटात भरली होती. बाजारभावाने दान शंभर कोटी डॉलरच्या पुढे. बातमी फुटली आणि त्या नाण्याचा भाव गडगडला. दान करताच दानाची किंमत कमी व्हावी, हा प्रकार आपल्या कुठल्या पुराणात नाही.

नाणी हळूहळू, बाजार न पाडता विकावी लागली. त्यातून चांगली कामंही झाली: युनिसेफला दीड कोटी डॉलर मिळाले आणि लसीकरणासाठी १६ कोटी सिरिंजची सोय झाली. पण दुसरी लाट ओसरली तरी बराच निधी खर्चायचा राहिला होता, आणि जानेवारी २०२२मध्ये त्यातले दहा कोटी डॉलर ब्युटेरिनकडे परत गेले, कोविड संशोधनावर त्यानेच लवकर खर्च करावे म्हणून. अडकलं कुठे? परदेशी देणग्यांच्या कायद्यात, एफसीआरएत. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद केलं. परदेशी देणगी आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात उतरली पाहिजे, हेही ठरलं. सुरगाण्याच्या पाड्यावर काम करणारी संस्था असली तरी खातं दिल्लीत. कायद्यामागे कारणं असतील, सगळीच वाईट नसतील; पण मोठ्या संस्थेने निधी घेऊन आडगावच्या चार छोट्या संस्थांत वाटायचा, ही जुनी वहिवाट त्याने मोडली. कुठल्याही नाण्याने ती जोडता येत नाही.

मग क्रिप्टो कुठे उपयोगी पडलं? जिथे बँकच उरली नाही तिथे. २६ फेब्रुवारी २०२२ला, रशियाचं आक्रमण सुरू होऊन दोन दिवस झाले असताना, युक्रेन सरकारने स्वतःचे क्रिप्टो पत्ते जाहीर केले आणि कोट्यवधी डॉलर आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने विस्थापितांच्या मोबाइलवर डॉलरचं नाणं पाठवायला सुरुवात केली. ते मनीग्रामच्या दुकानात देऊन रोकड घ्यायची. लक्षात घ्या, तिथेही शेवटी रोकड मोजून देणारं दुकान लागलंच. याउलट एल साल्वादोर. सप्टेंबर २०२१मध्ये या देशाने बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, प्रत्येकाला तीस डॉलरचं आमिष दाखवलं, आणि मुख्य जाहिरात हीच की अमेरिकेतल्या मुलांचे पैसे आता फुकटात घरी येतील. पुढच्या वर्षांत घरी आलेल्या पैशांपैकी क्रिप्टोतून आलेले दोन टक्क्यांच्याही आत राहिले. २०२५च्या सुरुवातीला नाणेनिधीच्या कर्जासाठी सरकारने बिटकॉइन स्वीकारायची सक्ती कायद्यातून काढून टाकली.

नाशिककरांना या सगळ्यात आणखी एक वास येतो, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. केबीसी मल्टिट्रेडने तीन वर्षांत तिप्पट करून देतो म्हणून हजारो घरांतली पुंजी गोळा केली. बोभाटा झाला तेव्हा कंपनीचा प्रमुख सिंगापूरला निघून गेला होता आणि २०१६ साली परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. त्यामुळे सिंगापूरहून कुणी पैशाची नवी योजना सांगू लागला, की जिल्ह्यात लोक आधी चहा पाजतात आणि मग विषय बदलतात. पुढे गेनबिटकॉइन आलं, महिन्याला दहा टक्के देतो म्हणणारं. पुणे, नांदेड पोळून निघालं. त्याच्या तपासात पुणे पोलिसांनी मदतीला घेतलेले दोन तज्ज्ञच मार्च २०२२मध्ये नाणी हडपल्याच्या आरोपाखाली अटकेत गेले. खुद्द सिंगापूरचे हातही भाजले आहेत. २०२२च्या मे महिन्यात इथल्याच एका कंपनीचं टेरा नावाचं नाणं कोसळलं, जुलैत भारतीय गिऱ्हाइकं भरपूर असलेल्या वॉल्ड या क्रिप्टो कंपनीने पैसे काढणं थांबवलं. इथल्या मध्यवर्ती बँकेने तर त्याआधीच, जानेवारीत, सार्वजनिक जागी क्रिप्टोची जाहिरात नको म्हणून सांगितलं होतं. क्रिप्टोची एटीएमसुद्धा बंद झाली.

गेल्या पावसाळ्यात इथल्या काही मराठी मंडळींनी सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेला सौरदिवे द्यायचं ठरवलं. एकाने उत्साहाने यूएसडीटीचा पत्ता ग्रुपवर टाकलाही. हिशेबाला बसल्यावर वेगळीच वर्गवारी निघाली: पासपोर्टची. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेला पैसा कायद्याने परदेशी देणगी ठरत नाही. सिंगापूरचं नागरिकत्व घेतलेल्याचा ठरतो, मग तो पुरणपोळी कितीही आवडीने खावो. दोन सख्ख्या भावांपैकी एकाचे पैसे थेट गेले; दुसऱ्याला एफसीआरए असलेली संस्था शोधावी लागली, आणि ती दुसऱ्या संस्थेला पैसे देऊ शकत नाही म्हणून दिव्यांची खरेदी-वाटप तिनेच करायचं ठरलं. यूएसडीटीचा पत्ता ग्रुपवर अजून तसाच आहे. कुणी एक पैसा टाकलेला नाही.

चुलतभावाची मागणी वेगळी होती. आधार प्राधिकरणाने अंगठ्याची जुनी यंत्रं बाद करून एल-१ नावाची नवी सक्तीची केली, आणि यंत्र बदललं नाही तर त्याचा पॉइंट बंद पडणार. किंमत काही हजार; कमिशनमधून निघायला बराच काळ लागला असता. पैसे पेनाऊवरून गेले आणि फोन ठेवायच्या आत पोचले. कुरिअर त्याच्या गावापर्यंत येत नाही, म्हणून तो यंत्र आणायला एसटीने नाशिकला गेला. नवं यंत्र झिजलेला अंगठा जरा बरं ओळखतं, असं तो म्हणतो. रेंजचं विचारलं तर म्हणाला, ‘‘ते कंपनीला विचार.’’