पाप कुणाचं, पाठ कुणाची

पाप हा शब्द आमच्या मांगवाड्याला कुणी शिकवावा लागला नाही. येशूचं नाव वस्तीत यायच्या आधीपासून तो तिथं होता. मागच्या जन्मी पाप केलं म्हणून या जन्मी मांगाच्या पोटी आलो, असं गावानं सांगितलं आणि आमच्या म्हाताऱ्यांनी मान खाली घालून ऐकलं. काय पाप केलं ते कुणीच सांगत नव्हतं. फिर्याद नाही, पंचनामा नाही, साक्षीदार नाही. शिक्षा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू. म्हणून प्रार्थनावाले ब्रदर पहिल्यांदा वस्तीत आले आणि 'आपण सगळे पापी आहोत' असं म्हणाले, तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, एवढं सांगायला इतक्या लांबून कशाला आलात? पारावर बसलेला कुणीही हे फुकटात सांगतो.

पण माझा बाप त्या प्रार्थनेत बसला, आणि उठला तो वेगळा माणूस होऊन उठला. हे मी नाकारणार नाही.

बीड जिल्ह्यातली माणसं दसरा-दिवाळीच्या आसपास कुठं जातात हे वाचकांना सांगायला नको. वस्त्या ओस पडतात. म्हातारी, कुत्री आणि शाळेपायी मागं राहिलेली पोरं एवढंच उरतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सांगली-कोल्हापूरकडं कारखान्यावर जाऊन ऊस तोडून ती फेडायची. माझ्या बापाची उचल मुकादमाच्या दारातून आमच्या दारापर्यंत येताना निम्मी व्हायची. मधे गुत्ता होता. उरलेली निम्मी हिशेबात जायची आणि हिशेब चुकला की मायच्या अंगावर निघायचा. फडातून मोळी वाहून आलेल्या बाईला रात्री मार. सकाळी तोच बाप आणि तीच माय, एका सरीत दोघं वाकलेली.

एका हंगामात कोप्यांच्या तळावर प्रार्थना सुरू झाली. पाचटाच्या कोपीसमोर, गॅसबत्ती लावून. बाप आधी लांब बसायचा, मग जवळ. एक दिवस साक्ष द्यायला उभा राहिला. त्यांच्यात साक्ष म्हणजे आपलं आपण चारचौघांत सांगायचं. बाप म्हणाला, "म्या बायकूला मारलं. लेकरायच्या तोंडचं काढून प्यालो. हे मपलं पाप हाय, दुसऱ्या कुणाचं न्हाई." माय समोरच बसली होती. तिनं पदर तोंडात धरला. आमच्या वस्तीतला बाप्या बायकोसमोर उभा राहून असं बोललेला मी तोवर पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. त्यानंतर तो प्यालेला नाही.

मी स्वतः प्रार्थनेला बसत नाही. मी जिनिंगमध्ये कामाला आहे. हंगामात कापसाच्या गाड्या लागतात, सरकी एकीकडं, रुई एकीकडं, आणि 170 किलोची एक अशा गाठी दाबून बाहेर. पाळी संपली की नाकातोंडात, डोक्यात, पापणीवर पांढरा फुफाटा. त्यात बसून जे मिळेल ते वाचतो आणि कधी कविता लिहितो. देवाशी माझं भांडणही नाही आणि सोयरीकही नाही. पण बापाचं वळणं मी डोळ्यांनी पाहिलं. पश्चात्ताप हा शब्द पुस्तकात वाचण्याआधी मी तो कोपीसमोर उभा असलेला पाहिला.

चळवळीतले मित्र विचारतात, बुद्ध असताना येशू कशाला? बाबासाहेबांनी 1935 साली येवल्याला सांगितलं, 1956 साली नागपूरला करून दाखवलं. 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञाही आहे. खरं आहे. पण मित्रांनो, त्या प्रतिज्ञा घेऊन कोपीवर कोण आलं होतं? तुम्ही तालुक्याच्या गावी जयंतीच्या वर्गणीचा हिशेब करत होतात. मांगवाड्यात यायचं म्हटलं की तुमच्यातल्याही काहींचे पाय जड होतात. राग मानू नका, किंवा माना. जो आला त्याचं ऐकलं, एवढीच गोष्ट आहे.

आणि आणखी एक आहे, जे ब्रदर लोकांनाही ठाऊक नाही. माझा आजा पोतराज होता. डोक्यावर केस वाढवलेले, कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात चाळ, हातात आसूड. गावात पटकी आली की गाव म्हणायचं मरीआई कोपली. कोपली गावावर, आणि आसूड पडायचा आजाच्या पाठीवर, तोही त्याच्याच हातानं. रक्त निघालं की बायका सुपातून दाणे घालायच्या. गावाचं पाप मांगाच्या पाठीवर वाजवून घ्यायचं, आणि वरून त्यालाच पापी म्हणायचं. बापानं लहानपणी त्या पाठीला हळद लावलेली आहे. तो सांगतो, "पाठ न्हवती ती, नांगरलेलं रान व्हतं." ब्रदरनी त्याला क्रुसावरचा येशू दाखवला, फटके खाल्लेला, काट्यांचा मुकुट घातलेला, आणि म्हणाले, यानं दुसऱ्यांचं पाप स्वतःवर घेतलं. बाप घरी येऊन मला म्हणाला, "आरं, ह्यो आपल्यातलाच हाय की. आबाचंच काम करायचा." त्याच्या मनात येशू शिरला तो या दारातून. मी त्यावर काय बोलणार?

मग मी जरा वाचायला लागलो. आपल्या मराठी मुलखात पापातून वळलेली माणसं कोण कोण, आणि त्यांनी टाकलं काय?

1843 साल, मुंबई. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अगदी पोरसवदा, तोही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. बाप कोर्टात गेला आणि पोरगा त्याच्या ताब्यात मिळाला. आता याला जातीत घ्यायचं कसं? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. त्यावर सगळी मुंबई पेटली. कर्मठ म्हणाले घ्यायचंच नाही. त्या पोरानं चोरी केली नव्हती, कुणाला मारलं नव्हतं. पाप काय, तर परक्यांच्या घरात राहिला, जेवला. त्यांच्या वहीत पापाची व्याख्या एवढीच होती, कुणाच्या हातचं खाल्लंस?

आणि थोरला? तो आला इकडं, जालन्याला. आमच्या गेवराईकडून गोदावरी ओलांडली की जालना जिल्हाच लागतो. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. नारायण शेषाद्री इथल्या मांगवाड्यांत फिरला. निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं आणि त्यात मांगांची घरं उभी राहिली. 1873 साली तो न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला जाऊन आला, पण मला त्याचं कौतुक नाही. मला कौतुक आहे ते जालन्याच्या मांगवाड्यात आला त्याचं. न्यूयॉर्कपेक्षा ती वाट लांबची होती.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बाई सोवळ्यात वाढलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, वर्षानुवर्षं तळमळल्या. पुढं एक दिवस त्यांनी विचार करकरून ठरवलं की जात देवानं केलेली नाही, तेव्हा आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. 'स्मृतिचित्रे'त हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी मागून आलं, आधी दुसऱ्याच्या हातचं पाणी प्याल्या. मला विचाराल तर पापातून वळणं हेच. त्यांच्याकडं टाकायला सोवळं होतं, ते त्यांनी टाकलं.

आम्ही काय टाकायचं? बापानं बाटली टाकली, ती त्याची होती. पण त्याच्या पाठीवरचं बाकीचं ओझं त्याचं नाहीच. ते ज्यांचं आहे त्यांच्या ओसरीवर एकदा प्रार्थना ठेवा. तिथं साक्ष द्यायला कोण उभं राहतं ते बघू. आमचा पाणवठा कितीक वर्षं वेगळा ठेवला त्याचा पश्चात्ताप करणारा एक माणूस मला अजून भेटायचा आहे. मुक्ता साळवे ही मांगाची पोर, फुल्यांच्या शाळेत शिकलेली. तिचा निबंध 1855 साली छापला तो मिशनच्या 'ज्ञानोदया'त. मांग-महारांना इमारतीच्या पायात पुरत होते हे तिनं लिहिलं. वेद जर फक्त ब्राह्मणांचे तर आमचा धर्म कोणता, असं तिनं विचारलं. त्या प्रश्नाला आता पावणेदोनशे वर्षं होत आली.

आता घरातली गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

बापाला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. मायलाही. पास्टर म्हणतात, उजेडात चालायचं तर उघड चाला, एक पाय इकडं एक पाय तिकडं असं प्रभूला चालत नाही. त्यांचं शास्त्र बरोबर असेल. पण या देशात उजेडाचाही आदेश निघालेला आहे. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असं ठरलं. 1956 साली शिखांना घेतलं, 1990 साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. 2022 साली त्यावर एक आयोग नेमला. 2024 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, येशूला मानायचं आणि सवलतीपुरतं हिंदू म्हणवायचं ही संविधानाशी फसवणूक आहे. म्हणजे मांगानं बाप्तिस्मा घेतला की सवलत जाते, ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं छत्र जातं. दगड मारणारा काही बाप्तिस्म्याचा दाखला बघून दगड मारत नाही. त्याच्या लेखी मांग तो मांगच. कायद्याच्या लेखी तेवढा नाही.

माझी बहीण बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं आहे. जात पडताळणीचा अर्ज भरला. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आहेत, अण्णा भाऊ आहेत आणि त्यांच्या शेजारी येशूचं कॅलेंडर. चौकशीला माणूस येणार अशी कुणकुण लागली, तशी बहिणीनं कॅलेंडर काढलं आणि मायच्या पेटीत, लुगड्याखाली ठेवलं. कुणी काही बोललं नाही. बाप उठून शेळीपाशी जाऊन बसला.

माणूस आला. फाईल काढली, नावं विचारली, भिंत बघितली. आमची भिंत चुलीच्या धुरानं काळी. कॅलेंडर होतं तेवढा चौकोन पांढरा. त्यानं बोट दाखवलं, "इथं काय होतं?"

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडायच्या आत बाप दारातून म्हणाला, "येशू व्हता सायेब. पोरीनं पेटीत ठिवलाय."

"बाप्तिस्मा घेतला का?"

"न्हाई. घ्यायचा हाय."

"मग का नाही घेतला?"

"हिच्या कागदापायी."

त्यानं लिहिलं. लिहिताना पेनाचा आवाज येत होता. मग मायकडं वळून विचारलं, "देवळात जाता का तुम्ही?"

माय म्हणाली, "तुमी जाऊ देता का?"

तो काही बोलला नाही. मायनं तांब्या पुढं केला. "आत्ताच घेतलं," म्हणाला आणि गेला.

बहीण आठ दिवस बापाशी बोलली नाही. मला एकटीला गाठून म्हणाली, "दादा, आबा उजेडात गेला, पर बिल मपल्या नावावर आलं." बाप तिला समजवायला गेला नाही. एवढंच म्हणाला की साक्ष दिल्यापासून खोटं बोललो नाही, एकदा बोललो तर बाटलीही परत येईल, मला मी ठाऊक आहे. मला दोघांचंही पटतं. बाप खोटं बोलला असता तर मी त्याला पापी म्हटलं नसतं, आणि खरं बोलला म्हणून माझी बहीण दवाखान्याऐवजी फडात गेली तर ते पुण्य मी कुणाच्या खात्यावर लिहू? ज्यानं हा प्रश्न आमच्या घरात आणून ठेवला तो कागद 1950 सालापासून शांतपणे फाईलीत पडून आहे. त्याला कुणी म्हणत नाही, वळ.

2023 साली नागपूर खंडपीठानं एक निकाल दिला. एका मुलीच्या घरात येशूचा फोटो दिसला म्हणून समितीनं तिचा जातीचा दावा फेटाळला होता. न्यायालय म्हणालं, भिंतीवर फोटो आहे म्हणजे धर्म बदलला असं होत नाही. एका वकिलाकडून त्याची प्रत मिळवली, तालुक्याला झेरॉक्स काढली. आमच्यात आणि त्या मुलीच्यात फरक आहे. तिथं फोटोच होता, इथं बापानं तोंडानं सांगितलं आहे. पण बाप्तिस्मा झालेला नाही हेही त्यानंच सांगितलं आहे.

कॅलेंडर मायनं परत खिळ्याला लावलं. बाप्तिस्मा थांबला आहे. पास्टर नाराज आहेत. उचल घेऊन झाली, पुढच्या आठवड्यात दोघं कारखान्यावर जातील. बहिणीनं झेरॉक्स अर्जाला जोडून दिली, खिडकीवरच्या माणसानं न वाचता शिक्का मारला. पोच तिनं जपून ठेवली आहे.