चाकं चार, माप एक

मैत्रिणींनो, आज मी तुमच्याशी टायरबद्दल बोलणार आहे. हसू नका! लोणच्याची फोड मऊ का पडते आणि लोकरीचे कपडे कसे ठेवावेत, हे सांगणाऱ्या पानांत टायर कुठून आले, असं वाटणं साहजिक आहे. पण घरात गाडी यायची म्हटलं की पैसा घराचाच जातो ना? फ्रीज घेताना, शिलाई मशीन घेताना आपण दहा दुकानं पालथी घालतो. गाडीच्या वेळी मात्र आपल्याला एवढंच विचारतात, "रंग कुठला घ्यायचा?" म्हणून हा विषय.

आमचे धाकटे दीर पुण्याला नोकरीला आहेत. गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. गेल्या वर्षी त्यांनी एक गाडी हेरली. दोन दारांची, जर्मन, आठ वर्षं वापरलेली स्पोर्ट्‌स कार. फोनवर नुसता उत्साह उतू जात होता. "वहिनी, हिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते! पावसाळ्यात घाटात सुद्धा रस्ता सोडायची नाही."

पैशांची जुळवाजुळव अशी होती: थोडे त्यांचे, थोडं कर्ज, आणि उरलेले सासूबाईंच्या मुदत ठेवीतून. ही ठेव म्हणजे मामंजी गेल्यावर हाती आलेली रक्कम. सासूबाई म्हणाल्या, "मला कशाला लागतात आता पैसे? त्याची हौस होऊ दे." आई म्हणून त्या बरोबरच बोलल्या. पण त्यांच्या औषधपाण्याचा हिशोब मी लिहिते. त्या ठेवीच्या व्याजावर काय काय चालतं ते मला ठाऊक होतं.

दिरांनी मोबाईलवर गाडीचे फोटो पाठवले. पंधरा-वीस फोटो असतील. बाकीचे सगळे गाडीचा रंग बघत होते, माझी नजर टायरवरच्या आकड्यांवर गेली. पुढच्या टायरवर होतं २४५/४० आर १८, आणि मागच्यावर २५५/४० आर १८. मी विचारलं, "भाऊजी, मागचं माप वेगळं कसं?" ते म्हणाले, "मालकाने मागे जरा रुंद टाकलेत. रुबाब येतो!"

आता मला हे कसं खटकलं, ते सांगते. माझं माहेर शेतकऱ्याचं. आमच्याकडे ट्रॅक्टर होता, तोही चारही चाकांना ताकद असलेला. ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान आणि मागची केवढी थोरली, हे तुम्ही पाहिलंच असेल. मागचं चाक एकदा फिरेपर्यंत पुढचं किती फिरलं पाहिजे, याचा हिशोब आतल्या दातेरी चाकांत आधीच बसवलेला असतो. माझा भाऊ एकदा मागे वेगळ्या मापाचे टायर घालायला निघाला, तेव्हा गावच्या मिस्त्रींनी त्याला चांगलंच झापलं होतं. "हिशोब मोडशील तर आतले दात मोडतील," हे त्यांचं वाक्य माझ्या कानात बसलेलं.

गाडीचं आतलं काम समजायला मला शाळेची कवायत उपयोगी पडली. मी इथल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. पंधरा ऑगस्टच्या संचलनात मुलांची रांग वळते, तेव्हा आतल्या टोकाचं मूल जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतं आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडी वळतानाही तसंच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. डाव्या-उजव्या चाकांना असं कमी-जास्त फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात.

ज्या गाडीत पुढच्या आणि मागच्या अशा चारही चाकांना ताकद जाते, तिच्यात पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्यामध्ये आणखी एक जोडणी लागते. काही गाड्यांत तिथेही डिफरन्शियल असतं. काहींत दाट सिलिकॉन द्रवात फिरणाऱ्या चकत्या असतात, तर काहींत तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या. वळणावर किंवा चाक घसरल्यावर पुढच्या-मागच्या वेगात जो थोडा वेळ फरक पडतो, तो या चकत्या सोसतात. रस्ता सरळ झाला की त्यांना विश्रांती.

आता मागचे टायर पुढच्यांपेक्षा मोठे घातले तर काय होईल? मोठं चाक तेवढ्याच रस्त्यात कमी वेळा फिरतं आणि लहान चाक जास्त वेळा. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा पुढचं-मागचं कधीच जमत नाही. चकत्यांना वाटतं चाक घसरतंय. त्या सारख्या घासत राहतात, तेल तापतं, काळं पडतं, आणि एक दिवस मोठा खर्च पुढे उभा राहतो. बाहेरून काही दिसत नाही. गाडी झकास पळत असते.

ज्या गाडीची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, तिला पुढे-मागे वेगळा परीघ असला तरी या चकत्यांचं दुखणं होत नाही. पुढची चाकं आपली मोकळी फिरतात. जुन्या बग्गीची पुढची चाकं लहान नि मागची मोठी असत, तरी ती वर्षानुवर्षं चाललीच की! म्हणून "माझ्या मित्राच्या गाडीला मागे मोठे टायर आहेत, काही होत नाही," असं कुणी म्हणालं, तर आधी विचारावं, त्याच्या गाडीची ताकद किती चाकांना जाते?

मग चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्पोर्ट्‌स कारला मागे रुंद टायर चालतच नाहीत का? चालतात, आणि इथेच खरी गंमत आहे. आपल्या हातातल्या बांगड्या पाहा. बांगडी बारीक, पाटली रुंद. पण दोन्ही दोन-सहाच्या असल्या की एकाच हातात नीट बसतात. टायरचंही तसंच. रुंदी वेगळी असली तरी चालेल, घेर जुळला पाहिजे.

टायरवरचे आकडे वाचायला अगदी सोपे आहेत. २४५/४० आर १८ म्हणजे टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४० टक्के, आणि आतली रिम १८ इंचांची. दुसरा आकडा टक्क्यांत असतो, हे लक्षात ठेवा. रुंदी वाढवून तो आकडा तोच ठेवला, तर उंचीही वाढते आणि घेरही वाढतो. कारखान्याने रुंद टायर दिला, की हा दुसरा आकडा कमी करून हिशोब जुळवलेला असतो.

जपानची निसान जीटी-आर घ्या. ही गाडी डिसेंबर २०१६ मध्ये आपल्याकडेही विक्रीला आली होती. तिचे पुढचे टायर २५५/४०, मागचे २८५/३५, रिम चारही २० इंचांच्या. सातवीच्या पुस्तकातलं वर्तुळाच्या परिघाचं सूत्र लावून पाहिलं, तर पुढचा परीघ सुमारे २२३७ मिलिमीटर आणि मागचा २२२३. रुंदीत ३० मिलिमीटरचा फरक आणि सव्वादोन मीटरच्या घेरात फक्त १४! याला म्हणतात माप जुळवणं. त्याच कारखान्याच्या १९८९ सालच्या स्कायलाइन जीटी-आरला तर चारही टायर एकाच मापाचे होते, २२५/५० आर १६.

आणि हो, या गाड्या म्हणजे फक्त पुरुषांचं राज्य, असं समजू नका. १९८० साली आलेली जर्मनीची ऑडी क्वात्रो ही चारही चाकांना ताकद देणारी गाडी रॅलीच्या शर्यतींत गाजली. १९८१ मध्ये इटलीतली सानरेमो रॅली ज्या क्वात्रोने जिंकली, ती चालवत होती फ्रान्सची मिशेल मुटों, आणि शेजारी बसून वळणं सांगत होती फाब्रित्सिया पोन्स. दोघी बायका! जागतिक अजिंक्यपद मालिकेतली रॅली जिंकणारी मिशेल ही पहिली स्त्री. पुढच्या वर्षी तिने आणखी तीन रॅली जिंकल्या.

तर आमच्या गाडीकडे वळूया. कागदावर हिशोब मांडला. नवा २४५/४० आर १८ घेतला तर परीघ सुमारे २०५२ मिलिमीटर, २५५/४० आर १८ चा सुमारे २०७७. त्यातून पुढचे टायर झिजलेले आणि मागचे कोरे करकरीत. टायरची नक्षी ४ मिलिमीटर झिजली की घेर आणखी २५ मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे एकूण फरक ५ सेंटिमीटर. ऐकायला किती थोडा! पण दर किलोमीटरला पुढचं चाक जवळजवळ बारा फेऱ्या जास्त मारणार. पुण्याहून कोल्हापूरला यायचं तर अडीच हजारांहून अधिक. आणि या सगळ्या जादा फेऱ्यांचं घर्षण त्या मधल्या चकत्यांनी सोसायचं.

मी हे फोनवर सांगितलं, पण दिरांना ते वहिनीचं पुस्तकी ज्ञान वाटलं. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. गाडीवर मन जडलं की आकडे कोण ऐकतो? म्हणून गाडी बघायला आम्ही सगळेच पुण्याला गेलो, तेव्हा मी पर्समधून शाळेचा खडू नेला. पुढच्या आणि मागच्या चाकावर, जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे, एकेक रेघ ओढली. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोसायटीच्या रस्त्यावर ह्यांनी आणि दिरांनी ती सरळ ढकलली. पुढची रेघ दहाव्यांदा जमिनीला टेकली, तेव्हा "थांबा!" म्हटलं. मागच्या चाकाची रेघ अजून खाली आलीच नव्हती. पाव फेरी मागे होती. सगळे वाकून बघत राहिले. गाडीचा मालकही.

दीर काही बोलले नाहीत. मग आम्ही गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी ती वर उचलून मधल्या जोडणीचं थोडं तेल काढलं. काळं, आणि करपल्याचा वास. ते म्हणाले, "आज चालतेय. किती दिवस चालेल, मी लिहून देणार नाही." मालक दोन नवे टायर बसवून द्यायला तयार झाला, पण आतल्या चकत्यांचं काय? गाडी घेतली नाही.

यानंतर सगळं गोड झालं असं मात्र नाही. दीर दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. सासूबाईंनाही वाटलं, की पोराच्या हौसेत मी खोडा घातला. "तू नसतं काढलंस तर त्याला कळलंही नसतं," असं त्या एकदा म्हणाल्या. मी गप्प बसले, कारण ते खरंच होतं. कळलं नसतंच, तेल पुरतं जळेपर्यंत. ठेव अजून बँकेत आहे. आणि परवा दिरांचाच फोन आला, त्यांच्या मित्राने घ्यायच्या गाडीचे आकडे विचारायला. तो फोन मला एखाद्या साडीहून मोलाचा वाटला.

आता तुमच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगते. त्या वहीत लिहून ठेवा.

गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल, तर पुस्तिकेत पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी जे माप दिलंय, तेच घ्यावं. ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरही चिकटवलेलं असतं. एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे टायर असले तर उत्तम. कागदावर माप सारखं असलं, तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेरात थोडा फरक निघतो.

एक टायर फाटला म्हणून एकच नवा आणायचा, ही काटकसर इथे चालत नाही. बाकीचे तीन किती झिजलेत ते आधी मोजावं. सुबारू ही जपानी कंपनी तर चारही टायरांच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक चालवून घेत नाही. एका टायरची किंमत माझ्या महिन्याच्या मानधनाहून जास्त आहे, तेव्हा चार एकदम घेताना जीव किती तुटतो ते मी जाणते. म्हणून टायर ठरलेल्या अंतरानंतर पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्यावेत. चारही बरोबरीने झिजतात आणि पैसे वसूल होतात. पुढची-मागची रुंदी वेगळी असेल तर अशी अदलाबदल करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

लहान आकाराची स्टेपनी फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायला. तिच्यावर गावाला जाऊ नये.

टायर गोटा व्हायची वाट पाहू नका. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत आली की कायद्यानेही तो बाद. आणि सेकंडहँड गाडी बघताना टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. चारही टायरांवर चार वेगळी सालं दिसली, तर मालकाला शांतपणे कारण विचारा.

आणि हे सगळं विसरलात तरी हरकत नाही, खडू विसरू नका. दोन रेघा, दहा फेऱ्या आणि ढकलायला घरातली दोन माणसं. पैसे द्यायच्या आधी एवढं करून बघा.