नाही कुठं ठेवायचं

माझ्या आजीला घरात नकार चालत नसे. हातातली बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणायची. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. घरातून निघताना ‘जाते’ म्हटलं की उंबऱ्यातच थांबवायची आणि ‘येते म्हण’ असं बजावायची. खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत आणि पुढं दोन, तीन मोजत. कणगीच्या तळाला हात लागला तरी ‘ज्वारी सरली’ हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. दाणा नसेल, पण नसल्याचं बोलणं घरात शिरता कामा नये, एवढी तिची काळजी.

पुढं मराठी शिकवायला लागल्यावर कळलं, की आपल्या भाषेनंही नकाराची अशीच काळजी घेतली आहे. वस्तू जागेवर नसेल तर ‘नाही’. मनाला हवीशी नसेल तर ‘नको’. करणं शोभत नसेल तर ‘नये’. एक वस्तू दुसरी नसेल तर ‘नव्हे’. इंग्रजीचं बरंचसं काम एका ‘नॉट’वर भागतं. आपल्याला मात्र नकार देण्याआधी तो कशाचा आहे हे ठरवावं लागतं. नसण्याचा, नकोसेपणाचा, की मर्यादेचा? एवढा विचार झाल्याशिवाय तोंडातून शब्दच निघत नाही.

आमच्या हिंगोलीकडं पावसाची बातमीसुद्धा नकारातून सांगतात. जूनमध्ये पारावर कुणीतरी विचारतं, “काय म्हणतो पाऊस तुमच्याकडं?” उत्तर येतं, “नाही म्हणायला झाले दोन पाऊस.” या ‘नाही म्हणायला’त शेतकऱ्याचं सगळं मन आहे. पेरणीपुरती ओल झालेली नाही, हे त्यात कळतं. पण जे पडलं त्याला नाही म्हणून आलेल्या ढगाचा अपमानही करायचा नसतो. कमी पडलेल्याची तक्रार आणि मिळालेल्याचा मान दोन शब्दांत सांगणारी ही बोली मी दुसरीकडं शोधली, मला सापडली नाही.

हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात, आणि 1 मे 1999 ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यं बदलली, दरबारी भाषेचे शब्द मात्र इथंच राहिले. नामंजूर, नाकबूल, नापीक, गैरहजर, बेदखल असे फारसी वळणाचे नकार आमच्या कोर्टकचेरीत आणि शेताच्या बांधावर सारखेच चालतात. शाळेत गरिबाच्या मुलाला फी माफ होई, ती ‘नादारी’. ज्याच्याकडं काही नाही तो नादार. आणि ‘नापास’ तर फारसी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ यांच्या लग्नातून जन्मला.

पण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. आठवडी बाजारात बांगड्या भरायला बसलं की हात दाबून पाहणाऱ्या खाला म्हणायच्या, “ये नक्को माय, तंग होती. वो देखो.” उत्तरेच्या हिंदीत ‘मत’ म्हणतात, दख्खनीत ‘नक्को’. हा ‘नक्को’ आपल्या ‘नको’तूनच गेलेला आहे, आणि आज हैदराबादच्या गल्लीबोळांत तो घरचा होऊन नांदतो आहे. त्यांनी आम्हाला कचेरीतला ‘ना’ दिला, आम्ही त्यांना घरातला ‘नको’ दिला. खालांच्या तोंडी तो शब्द फार मऊ लागे. नको म्हणताना त्यांचा अंगठा माझ्या हाताच्या हाडावरून हलकेच फिरायचा आणि दुसरी, मापाची बांगडी अलगद सरकायची. त्यांचा नकार बांगडीला असायचा, हाताला नसायचा.

कागदावरचा नकार वेगळा. आमच्या भागातल्या माणसाचं निम्मं आयुष्य आपल्याकडं काय नाही हे सिद्ध करण्यात जातं. घर बांधायचं तर ना हरकत प्रमाणपत्र. मुलीला प्रवेश घ्यायचा तर नॉन क्रीमीलेयर. पीककर्ज हवं तर बेबाकी. पेरणीच्या तोंडावर वडील सायकलला पिशवी अडकवून बेबाकी गोळा करायला निघत. सोसायटीच्या गटसचिवाकडून एक, या बँकेतून एक, त्या बँकेतून एक. सगळ्या कागदांचा अर्थ एकच, की या माणसाकडं आमचं काही येणं नाही. संध्याकाळी हात धुऊन ते कागद पुन्हा एकेक वाचत, घडी घालून ट्रंकेत ठेवत आणि म्हणत, “आपल्याकडं कुणाचं काही नाही.” मला ते वाक्य फार मोठं वाटतं. घरात शिल्लक म्हणावी असं काहीच नव्हतं, पण देणंही नव्हतं. नसण्याचा ताठ कणा मी त्या दिवसांत पाहिला.

त्याच कागदी नकाराचं दुसरं रूप म्हणजे ‘निरंक’. तक्त्यात सांगण्यासारखं काही नसलं की हा शब्द लिहितात. तो खरा असेल तर काहीच बिघडत नाही. पण गारपिटीनंतर शेत न पाहता एखाद्या गावापुढं ‘निरंक’ लिहिलं गेलं, तर त्या गावच्या मदतीचा रस्ता तिथंच बंद होतो. मोडलेला हरभरा उघड्या डोळ्यांना दिसतो, कागदावर मात्र काहीच झालेलं नसतं. नाही चुकीच्या जागी ठेवलं की तो अन्याय होतो.

सगळ्यात चुकीच्या जागी ठेवलेला नकार मी पाचवीच्या हजेरीपटावर पाहिला. एका मुलीचं नाव नकुशा. तिसरी मुलगी झाली, आता मुलगी नको, म्हणून हे नाव. गुरुजी हाक मारत आणि ती रोज ‘हजर’ म्हणत उभी राही. सगळ्यांना नको असलेली ती रोज हजर असायची. असं नाव फक्त आमच्याकडं होतं असं नाही. सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेतला गेला आणि ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात एकाच समारंभात 285 मुलींना नवी नावं मिळाली. मुलींनी ती आपल्या आवडीनं निवडली. ज्या भाषेनं नकाराला इतकी नेमकी घरं बांधून दिली, त्या भाषेतला ‘नको’ आपण पाळण्यातल्या जिवावर ठेवला, याची लाज आपल्या समाजाला वाटायलाच हवी.

या सगळ्याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात, औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात आहे, असं मी मानते. नामदेवांचं जन्मस्थान मानलं जाणारं नर्सी हिंगोली तालुक्यातलं. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी त्यांना कच्चं मडकं ठरवलं, तेव्हा गुरूच्या शोधात ते औंढ्याला आले, अशी परंपरेनं सांगितलेली कथा आहे. देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव कळवळून म्हणाले, देवावर पाय? विसोबा म्हणाले, बाबा, मी थकलोय. जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले, एका बाजूला नेले, तिथं पिंडी. दुसरीकडं नेले, तिथंही पिंडी. ‘नाही’ ठेवायला जागाच सापडेना. आणि तिथं नामदेवांचं मडकं पक्कं झालं.

ही कथा मी वर्गात दरवर्षी सांगते. मुलांना चमत्कार आवडतो. मला त्यातला प्रश्न आवडतो. इथं देव आहे का, असं विसोबा विचारत नाहीत. देव कुठं नाही ते दाखव, असं म्हणतात. एखाद्या माणसाला, जातीला, लेकीला नाही म्हणण्याआधी ही परीक्षा प्रत्येकानं द्यायला हवी. हे पाय मी नेमके कुठं ठेवतो आहे?

म्हणून नकार सोडा असं मी म्हणणार नाही. हुंडा नको, हे ठणकावून म्हणा. मुलीचं लग्न अठराच्या आत लावू नये, हे बैठकीत सगळ्यांसमोर म्हणा. जे पाहिलं नाही त्याला निरंक लिहू नका. आणि घरातली मुलगी एखाद्या स्थळाला, एखाद्या हाताला, एखाद्या सक्तीला नको म्हणाली, तर ‘हो-नाही करता करता तयार होईल’ असं परस्पर ठरवू नका. तिचा नकार ऐका. रीत चुकीची असेल तर रीतीला नाही म्हणा, पण आपल्या भाषेतला एकही नकार माणसावर ठेवू नका.