मिली कोणाची?

‘टू अँड अ हाफ मेन’ होस्टेलवर पाहिली, सबमिशनच्या रात्री, चौघांत एक लॅपटॉप. जुडिथची मिली आताच्या नवऱ्याची, हर्बची, की घटस्फोटित ॲलनची? मालिका २००३ ते २०१५ चालली, बारा सीझन; उत्तर दिलंच नाही. लेखकांना दोष नाही. ॲलनची घालमेल हाच विनोद, निकाल लागला की संपला. (कामावर काही बग मीही असेच उघडे ठेवलेत.) पण मिलीच्या बाजूने कुणी विचारलंच नाही.

आमच्याकडे लग्नकार्यात चुलत आजी माझी हनुवटी धरून म्हणायची, “हा कोणावर गेलाय गं?” आई वाढायला उठायची.

होस्टेलवर सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो. सुट्टीत मात्र दाढी करणाऱ्या बाबांच्या मागे, आरशात दिसेन असा उभा राहायचो. ते सरकून जागा द्यायचे.