तळमजल्यावरचा पाम

आमच्या शाळेच्या तळमजल्यावरच्या व्हरांड्यात ऊन येतच नाही. तुळस, जास्वंद, शेवंती ही उन्हाची झाडे. त्यांची ती जागा नव्हे. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही बागगटाने तिथे पार्लर पामच्या बारा कुंड्या मांडल्या. पार्लर म्हणजे ब्यूटी पार्लर नव्हे (मुलांनी पहिल्याच दिवशी विचारले होते), तर दिवाणखाना. गेल्या सभेत मात्र सूचना आली की, सुटीत शाळा बंद असताना यांना पाणी कोण घालणार? त्यापेक्षा प्लॅस्टिकची झाडे ठेवावीत. सूचनेत तथ्य होते. या उन्हाळ्यात कुंड्या जगल्या तर राहतील, नाहीतर प्लॅस्टिक येईल, असे ठरले आहे. म्हणून हा लेख.

हा पाम मूळचा मेक्सिको, ग्वाटेमाला आणि बेलीझचा. शास्त्रीय नाव कॅमेडोरिया एलेगन्स. तिथल्या दमट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत तो वाढतो, म्हणून कमी उजेड त्याला सोसतो. रोपवाटिकेत याच्या शेजारी अरेका पाम ठेवलेला असतो. तो मादागास्करचा, जास्त उजेड मागणारा. घेताना नीट विचारून घ्यावे. आपला पाम कुंडीत सावकाश वाढतो. चार-पाच फूट व्हायला कित्येक वर्षे लागतात.

एका कुंडीत दिसतो तो पाम एक नसतो. दाट दिसावे म्हणून दहा-पंधरा रोपे एकत्र लावलेली असतात. ती सुटी करू नयेत, मुळे दुखावलेली याला आवडत नाहीत. प्रत्येक रोपाला एकच खोड आणि खोडाच्या टोकाला एकच कोंब. जास्वंद छाटली की चार फांद्या फुटतात, तसे इथे होत नाही. कोंब खुडला की ते खोड संपले. पाने मात्र काढता येतात. ग्वाटेमालाच्या पेतेन भागात या जातीची व हिच्या बहिणींची पाने जंगलातून तोडून परदेशी पाठवतात. तिथे त्यांना 'शाते' म्हणतात. ती पुष्पगुच्छांत आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये वापरतात. तोडणाऱ्याला पानांच्या संख्येवर मजुरी मिळे, म्हणून चांगले-वाईट सगळेच तोडले जाई आणि बरेचसे पुढे फेकले जाई. 2005 पासून अमेरिकेतली काही चर्च थोडी जास्त किंमत देऊन, निवडून तोडलेली पाने घेऊ लागली. आमच्या मुलांना ही गोष्ट सांगितल्यापासून व्हरांड्यातली कोंबाची खुडाखुड थांबली आहे.

आता पाण्याचे. तहानेपेक्षा हा पाम जास्त पाण्याने लवकर मरतो. बोट इंचभर मातीत घालावे. कोरडे लागले तरच पाणी, आणि ते खालच्या भोकातून निथळेल इतके. बशीत साचलेले ओतून टाकावे. वार ठरवून पाणी घालू नये, बोट सांगेल ते खरे. बोरिंगच्या पाण्यातल्या क्षारांनी पानांची टोके करपतात. शक्यतो नर्मदेचे पाणी द्यावे. खालचे एखादे पान पिवळे पडले तर घाबरू नये, ते वयाने गेलेले असते. पूर्ण वाळले की कात्रीने कापावे.

आपल्या इंदूरची खरी अडचण एप्रिल-मेची कोरडी हवा. अशा हवेत पानांच्या मागे लाल कोळी येतो. बारीक फिके ठिपके आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की समजावे. औषधाआधी साधे पाणी: आठवड्यातून एकदा पानाची मागची बाजू धुवावी. कूलरची खोली याला मानवते, फक्त थेट झोतासमोर नको. दुपारचे ऊन तर अजिबात नको, पाने फिकट होऊन जळतात. उत्तरेच्या खिडकीपाशी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली गेला तर कुंडी आत घ्यावी. खत पावसाळ्यात, तेही थोडेच.

काही वर्षांनी बारीक पिवळी फुले येतात. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे फळ क्वचितच धरते. धरलेच तर त्या काळ्या फळांचा गर मुलांनी हाताळू नये, खाज सुटते. ताजे बी रुजायलाही काही महिने लागतात.

पालकांना आमची विनंती आहे की सुटीत एकेक कुंडी घरी न्यावी. घरी गमला म्हणा की कुंडी, आमची हरकत नाही. बारांपैकी सात कुंड्यांना घर मिळाले आहे, पाच उरल्या आहेत. फळ्याशेजारी कागद लावला आहे, त्यावर नाव आणि इयत्ता लिहावी. नेताना खालची बशीही न्यावी.