उन्हाळ्यातील मुक्काम

मे महिन्यात ताडोबातील पाणी आटत जाते आणि उरलेल्या पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता वाढते. म्हणूनच चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जात असताना तेथे पर्यटकांची गर्दी होते. गेल्या उन्हाळ्यात आम्हीही नागपूरहून भाड्याच्या कॅम्पर व्हॅनने निघालो. सोबत धाकट्या भावाची दोन मुले आणि ७८ वर्षांची आई होती.

दिवस निभावणे तितकेसे कठीण नव्हते. पहाटेची सफारी, दुपारी कडुनिंबाची सावली, डोक्याला ओला दुपट्टा, आणि तहानेची वाट न पाहता पाणी, ताक व मीठ घातलेले कैरीचे पन्हे. विदर्भाची हवा कोरडी असल्याने ओल्या कापडावरून वारा गेला की अंग निवते.

खरी कसोटी रात्रीची. व्हॅनचा पत्रा दिवसभर तापलेला असतो आणि इंजिन बंद होताच आमच्या गाडीतील एसीही थांबे. रात्री अकराला आत ३६ अंश होते. दिवसभर उष्णतेशी झगडलेल्या हृदयाला रात्रीच्या गारव्यातच विसावा मिळतो. तो न मिळाल्यास ताण साचत जातो. वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते. त्यातच आईच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. अशी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. प्रवासापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. सकाळी आईची जीभ कोरडी होती, उभे राहताना तोल जात होता, रक्तदाबही उतरला होता. तिला घोट घोट ओआरएस दिले, मुलांची नाराजी पत्करून पुढची सफारी सोडली आणि तिला बरे वाटल्यावर चिखलदऱ्याची वाट धरली.

चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. परतवाड्याहून घाट चढला की हवा चार-पाच अंशांनी उतरते. दुपार तेथेही तापतेच. पण पहाटे चादर ओढावीशी वाटली. आई रात्रभर शांत झोपली.

उन्हाळ्यात मुक्काम प्रेक्षणीय स्थळांवरून नव्हे, तर रात्रीच्या गारव्यावरून ठरवावा. चाकांवरच्या घराचा खरा लाभ तोच. उभ्या व्हॅनमध्ये मुलांना वा वृद्धांना क्षणभरही एकटे सोडू नये. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, आणि शुद्धीवर नसल्यास तोंडाने काहीही पाजू नये.