अनुकृती आणि अंजनाचे पान

जो जीव अस्तित्वातच नाही, तो सातपुड्याच्या जंगलात पानाचे रूप घेऊन राहतो अशी कल्पना केली, तर कल्पनाशक्तीला मोकळे रान मिळाले असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः ती तेथेच बांधली जाते. कारण प्रश्न लगेच उभा राहतो: पान कोणत्या झाडाचे, आणि कोणत्या ऋतूतले?

वॉलेस यांनी १८६९ च्या आपल्या प्रवासग्रंथात सुमात्रातील कल्लिमा फुलपाखराचे वर्णन केले. त्याच्या मिटल्या पंखांवर पानाची मधली शीर तर असतेच, शिवाय बुरशीसारखे डागही असतात. याच कुळातील फुलपाखरू सह्याद्रीतही आढळते. रोजे कायवा यांनी १९३५ मध्ये असल्या तपशिलाला उपयुक्ततेपलीकडची चैन मानले. परंतु आदर्श पानाची अनुकृती पाखराच्या नजरेला फसवीत नाही; डागाळलेल्या पानाची फसवते. कथेतील 'अनावश्यक' तपशिलाचे कार्यही काहीसे असेच असते.

यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातील जंगल पानगळीचे आहे. पावसाळा सरता सरता अळ्या सागाच्या पानांची जाळी करून टाकतात. अंजनाचे पान तर जोडदलांचे. मुळातच पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे. येथील काल्पनिक जीवाला बारमाही हिरवे राहणे परवडणार नाही. मेलॅनायटिस लेडा हे खरेखुरे फुलपाखरू हेच करते: पावसाळी पिढीच्या पंखांवर डोळ्यांसारखी वर्तुळे, तर कोरड्या हंगामातील पिढी हुबेहूब वाळल्या पानासारखी.

मराठी समीक्षेत 'अनुकरण' हा बहुधा दोषवाचक शब्द ठरला आहे. देशीयतेची मांडणी करणारे भालचंद्र नेमाडे याच यावल तालुक्यातील सांगवीचे, हा योगायोग येथे आठवतो. पण या जीवाच्या बाबतीत अनुकृती हा दोष नव्हे, ती जगण्याची अट आहे. दोष उद्भवतो तो परक्या झाडाचे पान पांघरल्याने. तसा जीव लपत नाही. उलट उठून दिसतो.

याची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. अतिक्रमण आणि वृक्षतोड यांमुळे यावलच्या जंगलाचे अनेक भाग विरळ झाले आहेत. झाडच गेले, तर त्याच्या पानाशी असलेले निर्दोष साम्यही घातक ठरते. परिसराशी इमान राखणाऱ्या साहित्यालाही हे भय आहे: बोली, पीक, झाडे यांची नावे विसरलेल्या वाचकाला त्यातील नेमकेपणा केवळ विक्षिप्त वाटू लागतो. तेव्हा देशीयतेचा प्रश्न लेखकाच्या निष्ठेपाशी संपत नाही. ज्याच्याशी साम्य साधायचे ते पान झाडावर उरले आहे काय, हेही समीक्षेला विचारावे लागते.